वाऱ्याकडची बाजू

आईच्या शिवणाच्या दुकानात माप द्यायला आलेली बाई हात वर करायची आणि नेमकं तेव्हाच विचारायची, "मग, मुलगी काय म्हणते तुमची?" टेप अंगाभोवती असली की माणसाला बोलण्याची फार हौस येते. आई तोंडातल्या टाचण्या काढून, मान ताठ करून सांगायची, "बोलिंग करते. आपल्या विभागाच्या संघात आहे."

"हो का? पण दिसत नाही कुठे."

बस्स, इथे आईचं डोकं फिरायचं. दिसत नाही म्हणजे काय? पोरगी काय दुकानाच्या काचेत लावायची बाहुली आहे? पण हे सगळं मनात. गिऱ्हाइकापुढे ती टाचण्या परत तोंडात घालायची, म्हणजे आपोआप तोंड बंद.

खरं तर तिलाही कुठे दिसली होती! मॅच व्हायच्या कामाच्या दिवशी, लांबच्या मैदानांवर, आणि प्रेक्षक म्हणाल तर माळी आणि त्याचं कुत्रं. दुकान बंद ठेवून जाणं जमलं नाही. मुलीचे वडील लवकर गेले, तेव्हापासून शिवणयंत्र आणि मुलगी दोन्ही एकटीनेच सांभाळायचं होतं. त्यामुळे लेकीचं क्रिकेट तिला ठाऊक होतं ते कपड्यांवरून. गुडघ्यावर हिरवा डाग म्हणजे चौकार अडवला. पँटच्या एका बाजूला लाल फराटा म्हणजे बॉल घासघासून चमकवला. आणि उजव्या काखेत शिवण उसवलेली, म्हणजे खूप ओव्हर टाकल्या.

ही काख हे एक प्रकरणच होतं. संघ मुलींचा, पण कपडे यायचे पुरुषांच्या मापाचे. पहिला शर्ट घालून मुलगी आरशापुढे उभी राहिली, तर आत आणखी एक मुलगी मावली असती. आईने तो बाजूंनी चांगला आत घेतला, बसला झकास, आणि पहिल्याच मॅचला काखेत टर्रकन फाटला. दुसराही गेला. तिसऱ्या वेळी आईने मुलीला दुकानात उभं केलं.

"टाक बघू."

"इथे? आई, कपाट आहे समोर."

"बॉल नको टाकू. हात फिरव नुसता."

मुलीने हात फिरवला. आईने पुन्हा फिरवायला लावला. मग काखेत चौकोनी कळी घातली, तिरक्या कापडाची, ताणली तर ताणेल अशी. त्यानंतर शर्ट फाटला नाही. पुढच्या मोसमात संघातल्या बाकीच्या बोलरांचेही शर्ट गाठोडं बांधून दुकानात येऊ लागले. बॅटिंग करणाऱ्या पोरींना कळी नाही म्हणून त्या रुसल्या, तो भाग वेगळा.

आता मुलीच्या बोलिंगबद्दल. तिचं मैदान गावाबाहेर, गोदामांच्या पलीकडे, सगळं उघडं. वारा एकाच बाजूने यायचा आणि थेट पॅव्हेलियनवर आपटायचा. वाऱ्याला पाठ देऊन बोलिंग करायला सगळ्यांना आवडतं, बॉल आपसूक जोरात जातो, विकेटा मिळतात, नाव होतं. पण दुसऱ्या बाजूने, पॅव्हेलियनकडून, वारा तोंडावर घेत कुणीतरी टाकावंच लागतं. ती संघात नवीन आली तेव्हा कॅप्टनने विचारलं होतं, "वाऱ्यात कोण टाकणार?" सगळ्यांना एकदम बुटाच्या नाड्या सैल झाल्याचं आठवलं. हिच्या नाड्या घट्ट होत्या. हिने हात पुढे केला, आणि ती बाजू तिला कायमची चिकटली.

लहानपणी जिला आईने कधी वारा लागू दिला नाही, ती पोर आता हौसेने वारा खात होती. पोरींनी तिचं नाव 'पंखा' ठेवलं. पुढे वय वाढलं तशी ती 'पंखाताई' झाली. दिवसा पाणीपुरवठा कार्यालयात लोकांच्या तक्रारी ऐकायची, सकाळ-संध्याकाळ सराव करायची. धावा द्यायची नाही, हेच तिचं काम. बॅटिंग करणाऱ्या मुली तिच्यापुढे अडकून वैतागायच्या आणि समोरच्या बाजूने टाकणारीला दणका मारायला जाऊन आउट व्हायच्या. विकेट त्या बाजूच्या मुलीच्या नावावर. अशीच एक जण देशाच्या संघात गेली. तिचा फोटो पेपरात आला. फोटोच्या कोपऱ्यात एक पांढरी बाही धूसर दिसत होती. आईने ती ओळखली आणि कात्रण आरशाला लावलं. गिऱ्हाइकांना ती आधी बाही दाखवायची, मग वाटलं तर मधली मुलगी.

"तूही त्या बाजूने टाक की कधीतरी," ती लेकीला म्हणायची.

"आणि इकडून कोण टाकणार, आई?"

"म्हणजे जगातल्या सगळ्या पोरी मेल्या काय?"

यंदा मुलीने सांगून टाकलं, हा शेवटचा मोसम. आणि नशीब बघा, याच मोसमात संघ फायनलला पोचला, तीही घरच्या मैदानावर, आणि ती मॅच पहिल्यांदाच सगळ्यांना घरबसल्या दिसणार होती. आईला तिकडे जायचं होतं, पण गुडघा सुजलेला, तिथल्या गच्चीएवढ्या पायऱ्या कोण चढणार! शेजारच्या चष्मेवाल्याकडे मोठा टीव्ही होता. आईने सगळी गल्ली तिथे बोलावली. "दिसत नाही कुठे" म्हणणाऱ्या झाडून सगळ्या बायकांना तिने स्वतः निरोप दिला. आज चेहरा दिसला की यांची तोंडं कायमची बंद, एवढंच तिला हवं होतं.

आदल्या दिवशी लेक जरा चाचरत म्हणाली होती, "आई, कॅमेरा एकच आहे. पॅव्हेलियनच्या छतावर. मी माझ्या बाजूने टाकलं तर पाठच दिसेल."

"मग कॅप्टनला सांग! तुझ्यापेक्षा लहान आहे ना ती? शेवटची मॅच आहे, सांग तिला."

लेकीने नुसती जर्सी पिशवीत भरली. पण कॅप्टन शहाणी निघाली. कुणी न सांगता तिने नवा बॉल पंखाताईच्या हातात दिला आणि तिला वारा पाठीशी मिळेल त्या बाजूला पाठवलं.

चष्मेवाल्याच्या दुकानात एकच गलका झाला. टीव्हीवर दूरवरून, कॅमेऱ्याकडे तोंड करून, आईची लेक धावत येत होती. "ही! ही माझी!" आई खुर्चीतून उठली, गुडघा विसरली. चष्मेवाल्याने आवाज वाढवला, तरी आईचाच जास्त होता.

पण दुसऱ्या बाजूने काही खरं नव्हतं. तिथे संघातल्या सगळ्यात वेगवान पोरीला वाऱ्यात उभं केलं होतं. तिचा बॉल वाऱ्याने अर्ध्यात दमायचा आणि समोरच्या पोरी तो आरामात टोलवायच्या. पुन्हा तिची ओव्हर, पुन्हा चौकार. आता मधली एक ओव्हर तिसऱ्याच मुलीला टाकायला दिली, बाजू बदलायची तर तसं करावंच लागतं, एकीला लागोपाठ दोन ओव्हर टाकता येत नाहीत. आणि पंखाताई कॅप्टनशी दोन शब्द बोलून पॅव्हेलियनकडे चालू लागली.

म्हणजे कॅमेऱ्याकडे. चेहरा मोठा मोठा होत आला, केस कपाळावर उडालेले, डोळे उन्हाने बारीक झालेले, ओठ घट्ट मिटलेले. अवघी गल्ली बघत होती.

"अगं, इकडे कुठे? थांब तिथेच!" आई टीव्हीवर ओरडली.

मुलगी आली, वळली, आणि पाठ करून उभी राहिली.

"गेला चेहरा," चष्मेवाला हळूच म्हणाला. "काकू, आता पाठच दिसणार."

आई खाली बसली. तिला रडू यायच्या बेतात होतं, रागाने की कशाने ते तिलाही कळेना. जर्सी वाऱ्याने फुगली, मुलगी पुढे वाकून धावली, हात वर गेला, आणि काखेतली कळी क्षणभर दिसली. त्या रंगाचं कापड मिळालं नव्हतं म्हणून जरा गडद घातलेली. बॉल पडला. धाव नाही. पुन्हा हात, पुन्हा कळी, पुन्हा धाव नाही. बॅटिंग करणाऱ्या पोरी बॅट आपटू लागल्या. मग वारा पाठीशी मिळालेल्या त्या वेगवान पोरीने समोरून दांड्या उडवायला सुरुवात केली.

"तुमची अडवते म्हणून तिकडे पडतायत!" चष्मेवाल्याला एकदम उमगलं. "काकू, हिनेच केलंय हे सगळं!"

"मग काय तर," आई म्हणाली, जणू तिला आधीपासून ठाऊक होतं. पण तिला ते आत्ताच, पहिल्यांदाच, डोळ्यांनी दिसत होतं. इतकी वर्षं पोरगी या वाऱ्यात अशी उभी राहत होती. आईला तिचा इतका अभिमान वाटला की बाजूच्या बाईचा हात तिने करकचून धरला.

शेवटची विकेटही त्या वेगवान पोरीचीच. पण विकेट पडल्यावर ती पोर कुणाकडेही न बघता सगळं मैदान ओलांडून पंखाताईकडे धावली, मागोमाग सगळा संघ. कॅमेऱ्यात पुन्हा पाठच होती, आणि त्या पाठीवर दहा जणींचे हात.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. मागे पोरींचा आरडाओरडा चालला होता.

"आई, रागावलीस? चेहरा थोडाच वेळ दिसला ना?"

"चेहरा मी रोज बघते तुझा," आई म्हणाली. "पाठ आज बघितली." मग ती एकदम कामाच्या आवाजात म्हणाली, "कळी तोकडी पडतेय. हात वर गेला की ओढ बसते. जर्सी घेऊन ये, उसवून मोठी घालते."

"आता कशाला, आई? माझं संपलं."

"तुझं संपलं. वारा संपला का?" आईने टेप गळ्यात टाकली. "त्या बाजूने आता कोण टाकणार, तिला घेऊन ये. माप लागेल."