झेंडूखालचा ठिपका

"आवं मॅडम, आधी तोंड झाका!" मी त्यांच्या खोलीचं दार उघडलं की काका हे म्हणायचे, नमस्कार त्यानंतर. स्वतःचा तळहात तर कायमचा तोंडावर. नवख्याला वाटावं, माणसाची दाढ दुखतेय.

मूळचे कडेगावचे काका आमच्या साताऱ्याच्या प्रयोगशाळेत लेसरसाठी लागणारे स्फटिक वाढवायचे. हे स्फटिक जड पाण्यात वाढतात. त्यात हायड्रोजनच्या जागी त्याचा जड भाऊ, ड्यूटेरियम असतो. हवेतली वाफ, अगदी आपल्या श्वासातलीसुद्धा, त्या भावाला हुसकावून साधा हायड्रोजन आणून बसवते. म्हणून ही तोंडझाकणी. आम्ही त्यांना सशाचं काळीज म्हणून चिडवायचो. ते म्हणायचे, "भ्यालेला मानूसच जपतो, मॅडम."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. साऱ्या जगाला भितात आणि शेवटी घोटाळा त्यांच्याच हातून होतो.

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा असते. त्या वर्षी काकांचा सगळ्यात मोठा स्फटिक नुकताच तयार झाला होता. तो नापास झाला तर जड पाणी पुन्हा मिळणार नाही, काकांचं कामच बंद होईल, असं वरून स्पष्ट कळवलं होतं. काकांनी हळदकुंकू लांबच ठेवलं. पण देव कोपेल या भीतीनं एक झेंडूचं फूल अलगद स्फटिकावर वाहिलं. फूल धुतलेलं होतं, अजून ओलंच. उचललं तर खाली पांढरा ठिपका.

काका माझ्या खोलीत आले ते पांढरेफटक पडून. हातात स्फटिकाची पेटी होती. "देवाला भिऊन फूल वाहिलं, आन् आता त्या फुलाचंच भ्या वाटतंय. पानी कुठवर शिरलं असंल?"

माझं तपासणीचं यंत्र स्फटिकावर हिरवा लेसर टाकतं आणि परतलेल्या उजेडाचा आलेख पडद्यावर काढतं. त्यातलं शिखर कुठं उभं आहे, त्यावरून ड्यूटेरियम किती उरलं ते कळतं. मी ठिपक्यावर नेम धरला. शिखर सरकलेलं होतं.

काका भिंतीला टेकले. मी लेसरचा नेम ठिपक्याखाली, आत नेला. आलेख उमटायला वेळ लागत होता. काका पडद्याकडे पाठ करून उभे. "सांगा. पन हळू सांगा."

शिखर जागेवर होतं. आणखी आत गेले, तिथंही जागेवरच.

"काका, वरवरचंच आहे. तेवढा थर घासून काढला की झालं."

त्यांनी हात तोंडावरून काढला नाही. डोळे मात्र भरून वाहिले.

यंदाच्या उन्हाळ्यात काका अचानक गेले. कडेगावला त्यांना अंगणात ठेवलं होतं. चेहरा बघायला मी वाकले. हाताआड नसलेलं त्यांचं तोंड मी पहिल्यांदाच पाहत होते. फार भीती वाटली. आणि माझा तळहात आपोआप माझ्या तोंडावर गेला, त्यांच्यावर माझा श्वास पडू नये म्हणून.