डीमॅटवरची अण्णांची सही

वडिलांची सही मला त्यांच्यापेक्षा चांगली येते, हे मी पन्नाशीला टेकले तरी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायची वेळ आली ती एका डीमॅट खात्यामुळे.

अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा छोटा कारखाना आहे. सहा माग. पंचाहत्तरी उलटली तरी सकाळी नऊला त्यांची स्कूटर बाहेर निघतेच. मी कॉलेजात असताना त्यांना शेअर्सचं खूळ लागलं होतं. त्यांनी खातं उघडलं, थोडे शेअर्स घेतले आणि पुढे कारखान्याच्या व्यापात सगळं विसरूनही गेले. यंदा ते अचानक आठवलं. "जित्ता हाय तवर सगळं नीट लावून ठेवतो," म्हणाले. "माझ्यामागं तुला हेलपाटे नकोत."

हेलपाटे अर्थातच मलाच पडले. खातं इतकी वर्षं पडून राहिल्यामुळे गोठवलेलं होतं. ते सुरू करायला ओटीपी लागत होता, आणि ओटीपी जात होता अण्णांनी मागाहून कधीतरी खात्याला जोडलेल्या जुन्या मोबाइल नंबरवर, जो त्यांनी कधीच सोडून दिला होता. मी त्या नंबरला फोन लावला. वैरागच्या एका गृहस्थांनी उचलला. मी गोड आवाजात सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, आवाजावरनं तर चांगल्या घरच्या वाटता की. हे असले धंदे कशाला करता?" दुसऱ्यांदा लावला तेव्हा त्यांच्या बायकोने उचलला आणि माझा यथासांग उद्धार केला. मला तिचं कौतुकच वाटलं. एवढी सावध माणसं आमच्या अख्ख्या गल्लीत नाहीत.

मग राहिला कागदाचा मार्ग. अर्ज भरायचा, नवा नंबर लिहायचा, सही करायची. नवी पेठेतल्या ब्रोकरच्या ऑफिसात अण्णांनी ऐटीत सही ठोकली. आठ दिवसांनी अर्ज परत आला: सही जुळत नाही. पुन्हा केली, पुन्हा परत. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा काउंटरवरच्या मुलीने कॉम्प्युटर आमच्याकडे वळवला. "आजोबा, ही बघा तुमची जुनी सही. अश्शी करा."

मी वाकून बघितलं. ती सही मी केलेली होती.

त्याचं असं झालं होतं. शाळेत भूमितीने माझ्याशी उभा दावा मांडला होता, त्यामुळे प्रगतिपुस्तकावर अण्णांची सही करायचा सराव मला आठवीपासूनचा. पुढे डीमॅटचा अर्ज आला तेव्हा अण्णांनी चष्मा पुसून, पंधरा-वीस ठिकाणी सह्या करून तो टेबलावर ठेवला, आणि त्यावर मी कपभर चहा सांडला. अण्णांचा तेव्हाचा राग ज्यांनी पाहिला नाही त्यांनी मला नावं ठेवू नयेत. मी एजंटकडून कोरा अर्ज आणला, सगळा भरला, सगळ्या सह्या ठोकल्या आणि चहावाला अर्ज बंबात घातला. वर थोडी सुधारणाही केली. अण्णांची सही शेवटी एकदम तुटते, ते मला बघवत नसे. मी तिला खालून एक झकास वळणदार शेपूट दिलं.

त्या शेपटाकडे अण्णा आता टक लावून बघत होते. मला वाटलं, संपलं, पकडली गेले. पण ते हळूच म्हणाले, "माझीच की. काय वळण होतं तवा हाताला!"

घरी आल्यावर त्यांनी जुनं कॅलेंडर काढलं आणि पानांच्या पाठीमागे सही गिरवायला बसले. शेपूट काही जमेना. आपल्याच मुलीने केलेली खोटी सही घोटून घोटून शिकणारा बाप मी दाराआडून बघत होते, आणि खोटं कशाला सांगू, मला हसू आवरत नव्हतं. आज सांगू, उद्या सांगू, करत चार दिवस गेले. पाचव्या दिवशी त्यांनी कारखान्याचं चेकबुक माझ्यापुढे ठेवलं.

"हात गेला बघ माझा," म्हणाले. "सवताची सही येईना झाली. उद्या चेकबी परत यायला लागतील. हितनं पुढं काय जमणार? बार्शीचा एक जण उद्या माग बघाया येतोय. विकून टाकतो."

माझं हसू पार पळालं. मागांचा आवाज कानावर पडला नाही तर ज्याला जेवण जात नाही, तो माणूस माझ्या एका शेपटापायी घरी बसायला निघाला होता. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"अण्णा, ती सही तुमची नाहीये. मी केलीये," मी म्हणाले आणि चहापासून सगळं सांगून टाकलं. त्यांचा विश्वास बसेना. मग मी पेन घेऊन त्यांच्याच कॅलेंडरवर शेपटासकट सही करून दाखवली.

त्यांनी चष्मा लावला आणि टॉवेलातला तुटका धागा शोधतात तसे वाकून ती तपासली. "म्हंजे," ते म्हणाले, "माझा हात नीट हाय?"

"ठणठणीत आहे."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग जे आरडाओरडा करायला लागले ते थांबेचनात. शेजारणीने टीव्ही बंद केला. मध्येच थांबून त्यांनी विचारलं, "प्रगतिपुस्तकावर पण तूच?"

"फक्त भूमितीत नापास झाले तेव्हा."

"म्हंजे कायमच की!" त्याच आवाजात त्यांनी बार्शीच्या माणसाला फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं.

सही बदलायची तर नवी सही खरी असल्याचा बँकेचा शिक्का लागतो, असं पुढे कळलं. बँकेतलं खातं अण्णांनी स्वतः जाऊन उघडलेलं, तिथे चहा सांडायला मी नव्हते. शिक्का लगेच मिळाला. तो घेऊन आम्ही पुन्हा नवी पेठेत गेलो. विचारलंच तर खरं सांगायचं, मग व्हायचं ते होऊ दे, असं मी ठरवून आले होते.

काउंटरवरच्या मुलीने दोन्ही सह्या शेजारी ठेवल्या. "आजोबा, ह्या एका माणसाच्या वाटतच नाहीत हो. जुनी तुम्हीच केली होती ना?"

मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात अण्णांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"मीच की," ते म्हणाले. "ते खाली शेपूट दिसतंय न्हवं? तवा हात लई थरथरायचा माझा. आता बरा झालाय."