दाविद मास्तरांना शुगर नव्हती

मोठेबाबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी छापखान्यात उभी होते. हातात ऊसतोड बायांच्या हक्कांचं पत्रक, शाई अजून ओली. फोन माझ्या लहानपणच्या मैत्रिणीचा, गोदाचा होता. मास्तर झोपेतच गेले, सकाळी काकू चहा घेऊन गेल्या तर उठलेच नाहीत, एवढं तिनं सांगितलं. मग का कोण जाणे, माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो चहाचा. ‘‘बिनसाखरेचा होता ना?’’ गोदा म्हणाली, ‘‘मंग काय.’’ आणि आम्ही दोघी रडता रडता हसलो. ज्यांना मोठेबाबा ठाऊक होते त्यांना यात काही विचित्र वाटणार नाही. बाकीच्यांसाठी हे लिहिते आहे.

दाविद मास्तर माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, म्हणून माझे मोठेबाबा. जन्म पोलीस ॲक्शनच्या धामधुमीतला. आजी त्यांचं वय कधी वर्षांत सांगायचीच नाही. ‘रझाकार गेले अन् दाविद आला’ एवढंच म्हणायची. पेशानं ते सुवार्तिक, म्हणजे गावोगाव जाऊन येशूची सुवार्ता सांगणारे. रविवारी चर्चमध्ये लहान मुलांना शिकवायचे म्हणून मास्तर. सायकलच्या हँडलला पत्रकांची पिशवी अडकवून ते सिल्लोडच्या बाजाराला जायचे, दौलताबादचा घाट चढून खुलताबादला जायचे. उरलेली पत्रकं घरी यायची आणि मी त्यांवरच वाचायला शिकले. एका बाजूला ‘तुझ्या आत्म्याचे काय?’ असा ठळक प्रश्न, पाठच्या कोऱ्या बाजूला माझी गणितं. पुढे मी माझी स्वतःची पत्रकं काढू लागले, मजुरीची, पाण्याची, वस्तीवरच्या शाळेची. घरात सगळे म्हणाले, पोरगी हातची गेली. मोठेबाबा म्हणाले, ‘‘गेली कुठं? पत्रकंच वाटती की.’’

त्यांच्या साखर सोडण्याचं मूळही एका पत्रकातच होतं. तरुणपणी कुणीतरी दिलेलं, कोपरे झिजलेलं. त्यात विलायतेतल्या जुन्या काळच्या प्रार्थनावाल्या माणसांची हकिगत होती. ‘आमचा नव्यानं जन्म झाला’ असं म्हणणारी ही साधी माणसं, त्यात बायाही पुष्कळ, एक दिवस म्हणाली की गुलामांच्या हातून पिकलेली साखर आम्ही घरात आणणार नाही. त्या बायांना पार्लमेंटात मत नव्हतं. त्यांनी चहाच्या कपात मत दिलं. मोठेबाबांनी हे वाचलं आणि त्यांच्या डोळ्यांपुढे पैठण रोडवरच्या ट्रका आल्या. दिवाळीच्या पुढेमागे त्या भरून निघतात. खाली संसार, संसारावर बाया, बायांच्या मांडीवर शाळेतून उचललेली पोरं… ऊस तोडायला पश्चिमेकडच्या कारखान्यांना निघालेली. ही माणसं गुलाम नाहीत हे त्यांनाही कळत होतं. पण पोराची शाळा खाणाऱ्या साखरेला मी गोड म्हणणार नाही, एवढं त्यांनी ठरवलं आणि त्या दिवसापासून साखर बंद.

कॉलेजात गेल्यावर मी त्यांच्याशी यावरून कडकडून भांडले. म्हटलं, गुलामांची जहाजं चालवणारेही त्याच धर्माचे होते आणि रविवारी तेही चर्चमध्ये बसत. आपल्याकडे आलेल्या मिशनऱ्यांनी पणजोबांच्या हातात पाटी दिली, कबूल. पण चर्चच्या मंडळीत महारवाड्यातले एकीकडे आणि मांगवाड्यातले दुसरीकडे बसायचे तेव्हा किती जणांनी तोंड उघडलं? मला वाटलं, ते आता बचाव करतील. त्यांनी चष्मा काढून पुसला. ‘‘व्हय,’’ ते म्हणाले, ‘‘दोघांच्या हातात एकच पुस्तक होतं, पोरी. म्हणून तर नुसतं पुस्तक हातात असून भागत नाय.’’ माझ्या पुढच्या तीन पत्रकांची सुरुवात मी त्याच वाक्यानं केली. त्यांचं नाव न घालता.

बिनसाखरेच्या या व्रतानं जेवढा विचार दिला, त्याहून जास्त करमणूक केली. साखर सोडल्यावर मोठेबाबांनी गूळ सुरू केला, तर त्यांची बायको, म्हणजे माझी मोठीआई आणि गोदाची काकू, म्हणाली, ‘‘गूळ काय बाभळीला येतो?’’ झालं, गूळही गेला. नाताळात घरोघरच्या करंज्या आमच्या वाट्याला आणि त्यांच्यापुढे नुसता चिवडा. एकदा तर त्यांनी चर्चच्या पाळकसाहेबांना पटवलं की प्रभुभोजनाचा, म्हणजे उपासनेत सगळ्यांनी घोटभर घ्यायचा, द्राक्षरसही साखरेशिवाय करावा. आमच्याकडे तो काळ्या मनुका उकळून घरीच करत. त्या रविवारी मनुका कशा निघाल्या होत्या देव जाणे… घोट घेऊन परतणारा प्रत्येक जण असं तोंड करत होता की पाहुण्या पाळकांना वाटलं, या मंडळीला पापाचा फारच पश्चात्ताप झालेला आहे. पुढच्या महिन्यापासून साखर परत आली. मोठेबाबा तेवढा एक घोट डोळे मिटून घ्यायचे आणि म्हणायचे, हा हिशेब वर होईल.

खुलताबादेत रशीदचाचांची चहाची टपरी होती. मोठेबाबा पत्रकं वाटून तिथं टेकायचे. साखर नको म्हणणारा माणूस म्हणजे आजारीच, ही चाचांची ठाम समजूत. मोठेबाबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, ‘‘मला शुगर नाय, रशीदभाई. मीच शुगरला नाय.’’ चाचांना ती झाकपाक वाटली. वर्षानुवर्षं ते दर खेपेला भिजवलेल्या मेथीची वाटी पुढे करायचे आणि मोठेबाबा मुकाट्यानं ती खायचे.

आता गोदाची गोष्ट. मी आणि ती चौथीत असतानाची. आमच्या मंडळीच्या आवारात जुन्या शाळेचा एक हॉल होता. कुलूप लावलेला, आत मोडकी बाकं आणि नाताळचा फाटका कागदी तारा. मोठेबाबांनी मंडळीच्या बैठकीत मांडलं की तोडीच्या हंगामात मजुरांची पोरं इथं ठेवू, म्हणजे त्यांची शाळा बुडणार नाही. दोन्हीकडून विरोध झाला. थोरातकाका मंडळीतले वडीलधारे, माणूस भला पण भित्रा. ते म्हणाले, बाहेरची पोरं ठेवली तर उद्या बाटवल्याचा आळ येईल आणि दारात मोर्चा. दुसरे म्हणाले, पोरं ठेवायची आणि सुवार्ता सांगायची नाही, तर मग आपण कशाला आहोत? शेवटी अट ठरली. हॉलमध्ये प्रार्थना नाही, गीत नाही, पत्रक नाही. मास्तरांच्या तोंडून एकदा जरी येशूचं नाव निघालं तरी कुलूप परत लागेल.

मी मोठीआईबरोबर दारात उभी होते. ज्या माणसानं उभा जन्म एकच नाव घेत सायकल मारली, त्याला ते नाव गिळायला सांगत होते… आणि ट्रका तर निघायला लागल्या होत्या. मोठेबाबांनी हॉलच्या किल्लीसाठी हात पुढे केला. मग म्हणाले, ‘‘कबूल. तोंड बंद ठेवतो. चूल तेवढी चालू ठेवू द्या.’’

बाहेर पडताना एका जोडीदार प्रचारकानं टोमणा मारलाच. ‘‘मास्तर, दुकान उघडायलात अन् माल ठिवत नाय?’’

‘‘वास तर यील की,’’ मोठेबाबा म्हणाले.

गोदा पहिल्या तुकडीत आली. चितेगावच्या पुढचं त्यांचं गाव. तिची आई सुमनमावशी तिला दारात सोडून गेली ती मागं वळून न बघता. वळली असती तर घेऊनच गेली असती. संध्याकाळी भाकरी आणि चहा. दूध पावडरच्या जुन्या डब्यात साखर असायची आणि मास्तर स्वतः प्रत्येक ग्लासात शीग लावून चमचा टाकायचे. गोदानं विचारलं, तुम्ही काहून घेत नाय? ‘‘ती माझी नाय,’’ ते म्हणाले. ‘‘तुझ्या मायनं तोडली. तुझी हाय, घे.’’ मग कधीच पिणार नाही का, असं तिनं विचारलं तेव्हा त्यांनी शब्द दिला की तुझी माय जायची थांबली की एक कप पिईन.

अट त्यांनी पाळली, पण आपल्या पद्धतीनं. पीठ मळताना ते गीतांच्या चाली नुसत्या गुणगुणायचे, शब्दांशिवाय. पोरांनी चाली उचलल्या आणि शब्द आपले घातले: भाकर झाली, भाकर झाली, मास्तर वाढा लवकर. थोरातकाका करारभंग पकडायला म्हणून खिडकीशी येऊन उभे राहिले. बराच वेळ ऐकलं. आक्षेपार्ह शब्द सापडेना. भाकरीवर काय आक्षेप घेणार? हसत हसत घरी गेले आणि पुढच्या वर्षी ज्वारीचं एक पोतं घेऊन आले. मोठीआई सांगते, त्या हंगामात मोठेबाबा घरी आल्यावर दुप्पट बोलायचे, साठलेलं सगळं.

गोदा शिकली, लॅब टेक्निशियन झाली, चितेगावलाच एका लॅबमध्ये लागली. पहिलं रक्त काढलं ते मास्तरांचं. तो रिपोर्ट घेऊन मोठेबाबा मुद्दाम खुलताबादला गेले. रशीदचाचांनी तो दोनदा वाचला. ‘‘नॉर्मल है! फिर इत्ते साल मेरी मेथी कायकू खाए तुम?’’

‘‘तू देत होतास म्हणून.’’

आमची शेवटची भेट दसऱ्याची. गोदा आईला घेऊन आली होती, मीही होते. सुमनमावशी उंबऱ्यातच म्हणाली, ‘‘मास्तर, औंदा म्या जात नाय. मुकादमाला सांगून टाकलं.’’ मग कुणाला न विचारता स्वयंपाकघरात शिरून तिनं चहा केला, साखर टाकून. मोठेबाबांनी कप दोन्ही हातांत धरला. एक घोट घेतला आणि त्यांचं तोंड त्या मनुकांच्या रविवारसारखं झालं. ‘‘लई गोड हाय गं,’’ ते म्हणाले. ‘‘लोक हे रोज पितेत?’’ पण थेंबही ठेवला नाही. मोठीआई खुशीत दुसरा कप भरायला उठली, तर त्यांनी कपावर हात ठेवला. ‘‘एक माय थांबली, एक कप झाला. आता दुसरीची वाट बघू.’’

त्यानंतर थोड्याच दिवसांत ते गेले. दफनविधीला रशीदचाचा आले होते, थोरातकाका काठी टेकत आले होते आणि हॉलमधून शिकून गेलेली पोरं, आता मोठी झालेली, मागे उभी राहून ती चाल गुणगुणत होती. शब्दांशिवाय.

दिवाळी झाली आणि हॉल पुन्हा भरला. भिंतीवर आता मास्तरांचा फोटो आहे, खाली फळीवर तोच दूध पावडरचा डबा. परवा मी गेले तेव्हा सिल्लोडकडची एक बाई पोरीला सोडायला आली होती. ट्रक बाहेर उभी, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, आणि बाईचा पाय काही निघेना. गोदानं तिला बसवलं, चहा दिला. बाई फोटोकडे बघत म्हणाली, ‘‘ह्येंना शुगर होती म्हनं. चहा फिक्काच प्यायचे.’’

‘‘नव्हती,’’ गोदा म्हणाली. ‘‘मीच तपासली व्हती.’’

आणि डबा उघडून तिनं बाईच्या ग्लासात आणखी एक चमचा टाकला, शीग लावून. ‘‘घ्या मावशी. तुमचीच हाय.’’