नुसती दातांची डॉक्टर

खामगावात डॉक्टर शाइस्ताच्या दवाखान्याची पाटी बावीस वर्षांपासून आहे, आणि तेवढ्याच वर्षांपासून लोक ती वाचून विचारतात, "म्हणजे नुसती दातांचीच डॉक्टर?" सुरुवातीला ती समजावून सांगायची. मग कंटाळली. आता म्हणते, "हो, नुसती. बाकीचा माणूस घरी ठेवून आलात तरी चालेल."

या पेशात ती काही हौसेनं आली नव्हती, घरंगळत आली होती. एमबीबीएस चार गुणांनी हुकलं आणि दातांचं बीडीएस पदरात पडलं. वडील खुर्शीद मिस्त्री, लाकडाचं काम करायचे. त्यांनी मोहल्ल्यात पेढे वाटताना 'पोरगी डॉक्टर होऊन राह्यली' एवढंच सांगितलं, 'दातांची' हा शब्द गिळून टाकला.

पुढं तिनं गावाची तोंडं पाहिली. दात ठणकायला लागला की माणूस आधी लवंग चावतो, मग औषधाच्या दुकानातून गोळी आणतो, मग बसस्टँडजवळ फडक्यावर पकडी मांडून बसलेल्या बाबापुढं तोंड वासतो. एवढं सगळं करून, गाल रामफळाएवढा सुजवून तिच्या खुर्चीत बसतो आणि तिलाच बजावतो, "दाढ काढाची नाही बरं मॅडम, फक्त गोळी द्या." नातेवाईक तर दवाखान्यातही येत नाहीत. लग्नात तिच्या हातात बिर्याणीचं ताट असतानाच कुणीतरी गालात बोट घालून विचारतं, "हे पाह्य बरं जरा."

यंदा भावाच्या मुलीला, महनूरला, बीडीएसपुरतेच गुण पडले. ती थेट दवाखान्यात आली. "फुप्पी, खरं सांग. घेऊ का?"

"मले काय विचारते? इथं बसून पाह्य, मग तुझं तूच ठरव," शाइस्ता म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी नारायणराव आले. तहसील कचेरीतून निवृत्त झालेले, इस्त्रीचा सदरा, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा. महिन्यावर मुलीचं लग्न होतं आणि फोटोसाठी पुढच्या तुटक्या दाताला टोपी हवी होती.

"खर्रा थुंका आणि तोंड उघडा."

नारायणराव खळखळून चूळ भरून आले. "उघडलं ना."

"हे उघडलं म्हणायचं? दोन बोटं जात नाहीत आत."

गालाच्या आतल्या बाजूला पांढरा चट्टा होता, कडेला लाल आणि बोटाला टणक. शाइस्तानं दोनदा पाहिलं. खुर्ची सरळ करून तिनं शांतपणे सांगितलं, "दाताचं राहू द्या. हा चट्टा मला ठीक दिसत नाही. अकोल्याला जा. तुकडा काढून तपासतील."

नारायणरावांचा चेहरा तांबडा झाला. "काऊन घाबरवता बाई? तुमी दातवाल्या, तुमी दातापुरतं बोला. आमच्या भाच्याचं मेडिकल हाय, त्याले विचारतो म्या." आणि तरातरा निघून गेले. टोपीचं मापही दिलं नाही.

"गेला भाच्याकडं. भाचा मलम देईल, मामा चोळत बसेल," शाइस्ता महनूरला म्हणाली आणि पुढच्या पेशंटला आत घेतलं. पण दिवसभर तिचं कामात लक्ष नव्हतं. चार वाजता तिनं ॲप्रन काढला आणि महनूरला घेऊन नारायणरावांच्या घरी गेली.

अंगणात लग्नाच्या पत्रिकांवर हळदीकुंकवाची बोटं उठत होती. नारायणरावांनी तिला पाहून तोंड फिरवलं. त्यांच्या बायकोनं, प्रतिमाताईंनी, खुर्ची दिली. शाइस्ता बसली नाही. सगळ्यांदेखत म्हणाली, "ताई, यांच्या गालात जे आहे ते कॅन्सरचं असू शकतं. नसलं तर मला चारचौघांत शिव्या घाला. पण लग्नाच्या आधी अकोल्याला न्या."

"माह्या घरात येऊन अपशकून करता!" नारायणराव ओरडले.

प्रतिमाताईंनी हातातली पत्रिका खाली ठेवली. "उद्या सकाळच्या गाडीनं जाऊन राह्यलो आपण," त्या म्हणाल्या.

तुकडा तपासला, तो तसलाच निघाला. गाठ मानेत उतरलेली नव्हती. लग्न पुढं ढकललं, गाल कापला, आणि नारायणराव वाचले.

लग्नात शाइस्ता आणि महनूर गेल्या. अकोल्याचे सर्जन आले होते. नारायणरावांनी त्यांना शाल पांघरली, वाकून पाया पडले आणि वाकड्या तोंडानं माइकवर 'देवमाणूस' म्हणाले. मंडप टाळ्यांनी भरला. खाली उतरताना त्यांना शाइस्ता दिसली. सोबतच्या व्याह्यांना त्यांनी ओळख करून दिली, "ह्या आमच्या गावच्या दातवाल्या बाई." व्याह्यांनी लगेच ओठ वर करून दाढ दाखवली.

महनूर चिडली. शाइस्ता हसलीसुद्धा नाही. घरी जाताना म्हणाली, "तुले खरं पाह्यजे होतं ना? मग ऐक. इज्जतीसाठी येत असशील तर येऊ नको. जीव वाचवशील तू, अन् शाल दुसऱ्याले मिळेल. मी पुन्हा अठरा वर्षांची झाली, तर नाही येणार."

पुढच्या सोमवारी प्रतिमाताई आल्या, दोन जावांना घेऊन. तिघींनी पदर तोंडाला लावला होता.

"आमी दाताले तंबाखूची मिश्री लावतो. तीस वर्षं झाली," प्रतिमाताई खालच्या आवाजात म्हणाल्या. "ह्यांले सांगू नका. ते म्हणतील, अकोल्यालेच दाखवा. म्या म्हणलं, पयले बाईले दाखवतो. ह्यांचं तिनंच पाह्यलं होतं."

"तीस वर्षं! आणि आज अक्कल आली?" शाइस्ता कडाडली. "बसा. उघडा तोंड."

महनूरनं टॉर्च धरला. पहिली ठीक, दुसरी ठीक. धाकट्या जावेच्या खालच्या ओठाआड महनूरचा टॉर्च थांबला. "फुप्पी, इथं."

शाइस्तानं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्या बाईला मिश्रीवरून आईबाप आठवतील असं झोडपलं आणि झोडपता झोडपता अकोल्याची चिठ्ठी लिहिली.

त्या दुपारी महनूरनं प्रवेशाच्या अर्जात बीडीएस पहिलं टाकलं.

"मूर्ख आहेस," शाइस्ता म्हणाली. मग उठून तिच्या हातात छोटा आरसा दिला. "अन् हा असा धर. पेशंटच्या ओठाले टेकवू नको, दुखते."