दोन फॉर्म

बारावीनंतर माझ्यापुढे दोन फॉर्म होते. डी.एड. केलं की दोन वर्षांत शिक्षिका, सी.ए.ला किती वर्षं लागतील, कुणालाच सांगता येत नव्हतं.

"पास व्हशील याची ग्यारंटी काय?" वडिलांनी विचारलं.

"ग्यारंटी न्हाई. लई जण नापास होतात," मी खरं ते सांगितलं.

"मग डी.एड.च भर."

मिरच्या निवडता निवडता आई म्हणाली, "द्राक्षबाग लावली तवा दोन वरसं एक घड तरी आला व्हता का? तवा न्हाई मागितली ग्यारंटी."

वडिलांची काळजी खोटी नव्हती. माझ्यामागे दोन बहिणी होत्या. तरी सकाळी त्यांनी डी.एड.चा फॉर्म शेजारच्या मुलीला देऊन टाकला.

पहिल्या परीक्षेत मी नापास झाले. पुण्याहून फोन करून सांगितलं, तर वडील म्हणाले, "दुसरं वरीस अजून जायचंय."