पाळीचा उतार कोणी मोजला?

माझ्या काकाजींवर अन्याय झाला तो पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी सहा वाजता, गावच्या मैदान समितीच्या बैठकीत. काकाजी तेव्हा दवाखान्यात होते, पाय प्लास्टरमध्ये. आणि इकडे वहीत लिहिलं गेलं: ‘चालकाच्या चुकीमुळे मशीन तलावात गेली.’

चालक म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. एकोडीकडच्या आमच्या गावातलं मैदान आणि त्याला लागून असलेली तलावाची पाळ, म्हणजे मातीचा उतरता बांध, दोन्हींची निगा ते कित्येक वर्षं राखतात. पाळीवरचं गवत ते इळ्यानं कापायचे. कंबर धरायची. ते बघवेना, म्हणून मीच पत्रक काढलं, दारोदार वाटलं: गवत कापायची, बसून चालवायची मशीन मिळालीच पाहिजे! मिळाली. माझ्या पत्रकात किती एचपीची हवी ते होतं. पाळीबद्दल अक्षर नव्हतं. समितीनं दुकानाच्या फरशीवर मशीन बघितली आणि घेतली. काकाजींना कोणी नेलंच नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी गवत ओलं होतं. बैल पाळीवर उभे करायचे, म्हणून घाई. वळताना मशीन आडवी घसरून तलावात गेली, काकाजी पाळीच्या वरच्या बाजूला फेकले गेले, घोटा मोडला. सीटवरून माणूस उठला की पातं थांबवणारं एक बटण सीटखाली असतं. खड्ड्यात उसळी बसली तरी ते मशीन बंद पाडायचं, म्हणून समितीतल्या एकानं तार बांधून ते निकामी करून द्यायची तयारी दाखवली होती. काकाजींनी त्याला हाकलून दिलं होतं. पातं थांबलं म्हणून पाय मोडण्यावर निभावलं, नाहीतर तुटलाच असता. आणि म्हणे, चूक चालकाची!

मी दवाखान्यात जाऊन तणतणले. म्हटलं, आता समितीविरुद्ध पत्रक काढते.

“काढ ना वं माय,” काकाजी म्हणाले, “पन आंधी त्या मशीनचं पुस्तक आन. मले वाचून दाखव.”

पुस्तक इंग्रजीत. मी वाचलं: पंधरा अंशांपेक्षा जास्त उतारावर नेऊ नका, उतारावर आडवी चालवू नका, पाण्याच्या काठापासून लांब राहा. काकाजी ऐकत राहिले. मग विचारलं, “पंधरा अंश म्हंजे किती फूट?”

मी हिशोब केला. दहा फूट सरळ पुढे गेलं तर जमीन साधारण पावणेतीन फूट खाली जाते, तेवढा उतार.

“मंग मोजू.”

महिन्याभरात समितीनं दुसरी मशीन बघायला बोलावली. पहिलीसारखीच, फक्त मोठी. दुकानदार ती मैदानावर मस्त गरागरा फिरवत होता, समिती टाळ्या वाजवत होती. काकाजी कुबडीवर आले. हातात गवंड्याची पाणसळ, माझ्या खांद्यावर दहा फुटी बांबू.

“भाऊ, मशीन झकास हाये,” ते दुकानदाराला म्हणाले. “जरा पाळीवर चालवून दाखवा ना.”

“काकाजी, आता मी कायले...”

“मले बसवता न् तुमी काहून भेता?”

समिती हसली. अध्यक्ष हसले नाहीत. काकाजींनी बांबूचं एक टोक पाळीच्या माथ्यावर टेकवलं, मला दुसरं धरायला लावलं, पाणसळीनं आडवा सरळ केला आणि माझ्या टोकाखाली टेप सोडायला सांगितला. साडेचार फूट! माझ्या तोंडून शिवी निघाली. काकाजींनी डोळे वटारले.

दुकानदार मात्र प्रामाणिक निघाला. पाळ बघून म्हणाला, “इथं बसायची कोणतीच मशीन नका नेऊ. मैदानाले घ्या, मागं लोखंडी कमान अन् पट्टा असलेली, म्हंजे उलटली तरी माणूस दबत नाही. पाळीले खांद्यावरचा कटर.”

मी वही मागवली. म्हटलं, ते वाक्य खोडा, नाहीतर उद्या गावभर पत्रक. अध्यक्षांनी खोडलं. काकाजी एवढंच म्हणाले, “त्यायनं खोडलं, झालं. आता लिवा, पाळीवर बसायची मशीन नेऊ नये.” तसंच लिहिलं गेलं.

मला घोषणा देता येतात. त्या माणसानं मोडक्या पायानं पाळ मोजली, आणि एकाबद्दलही अपशब्द काढला नाही. हे मला अजून जमलेलं नाही.

तुमच्या गावात, शाळेत, बागेत अशी मशीन येणार असेल, तर ती ज्याच्या बुडाखाली येणार त्याला आधी बोलवा. जिथं चालवायची तिथंच चालवून घ्या. खरेदीच्या कागदावर पहिली सही त्याची घ्या. तो नाही म्हणाला, तर मशीन परत पाठवा.