आईच्या नावाचा हिरवा ठिपका

आई गेल्यापासून ऑफिसातल्या मोठ्या पडद्यासमोर मी फारशी थांबत नाही. पडद्यावर सुरतचा नकाशा असतो आणि त्यावर ठिपके, दर माणसाचा एक. येऊ घातलेल्या वायरलेस नेटवर्कची ही चाचणी. लोकांच्या मनगटावरचा पट्टा नाडी आणि ताप मोजतो आणि आपणहून आरोग्य केंद्राला कळवतो. एकाच गल्लीत तीन-चार ठिपके लाल झाले, की साथ पसरायच्या आत तिथं माणसं पोचतात. काम चांगलं आहे, मला त्याचा अभिमानही आहे. पण त्या पडद्यावर मी जीव लावला तो एकाच ठिपक्याला, आणि तोच नेमका खोटा निघाला.

आई पर्वत पाटियाजवळच्या आमच्या जुन्या खोलीत एकटी राहायची. लूमवर काम करणारे वडील गेले तेव्हा मी तिला म्हटलं, नदीपलीकडे माझ्याकडे चल. साड्यांना लेस लावायचं काम सोडून ती कुठली येतेय! चाचणीत तिची वस्ती आली तेव्हा पट्टा मीच तिच्या हाताला बांधला.

"हाई कसाले वं माय?"

"तू कशी आहेस ते मला तिकडं बसून दिसेल."

"आन माले तू दिसशी?"

मी हसले. पट्टा नीट बसलाय का ते बघितलं.

त्याआधी मी दर रविवारी जायची. कळण्याची भाकरी, ठेचा, आणि मी जाडी झाले की वाळले यावर वाद. आता ठिपका हिरवा दिसायचा आणि रविवार निसटायला लागले. एकदा वॉशिंग मशीनवाला येणार होता, एकदा कुणाचा साखरपुडा. मीटिंगमध्ये मी चोरून तिची नाडी बघायची. सकाळी वाढली की वाटायचं, पाणी भरतेय. दुपारी संथ झाली की, आडवी झाली असेल. लहानपणीसुद्धा मी तिच्या इतकी जवळ नव्हते असं मला खरंच वाटायचं. फोनवर तिला बोलू कुठं द्यायची? "आई, तू ठणठणीत आहेस, मला दिसतंय." ती म्हणायची, "हां माय."

पाच रविवार चुकवून मी तिच्याकडे गेले. दार उघडायला तिनं हात वर केला आणि बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या. चेहरा अर्धा झालेला. आठ दिवस तापानं पडून होती, परवाच उठली होती. मनगट मोकळं. समोरच्या खोलीतली मावशी दारात भाजी निवडत होती, पट्टा तिच्या हाताला.

"तिले चक्कर येस," आई म्हणाली. स्वतःला ताप यायच्या कितीतरी आधी तिनं तो देऊन टाकला होता.

माझ्या लहानपणी आमच्या ओळीत आठ खोल्यांत मिळून एकच थर्मामीटर असायचा. ज्याला गरज, त्याच्याकडे तो राहायचा, आणि आजारी माणसाकडून परत मागायचा नाही, तो आपण होऊन देईल तेव्हा घ्यायचा. मी स्वतः तो कितीदा पोचवलाय. शहराच्या तब्येतीचा नकाशा काढायला निघालेल्या मला हे आठवू नये! काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय.

म्हणजे पाणी भरत होती ती मावशी, दुपारी आडवी होत होती ती मावशी. मी चिडले. मावशीवर ओरडले, ती बिचारी पट्टा काढायला लागली. मग आईवर ओरडले. एवढा ताप होता, तर फोनवर सांगितलं का नाहीस?

आई खाली बसली. थकली होती.

"तूच म्हने, तू बरी शे. येवढी शिकेल पोर, तुले खोटी कशी पाडू?"

पुढं थंडीत आई गेली, दुसऱ्याच दुखण्यानं. तेव्हा मी जवळ होते. लोक म्हणतात, हे काय कमी आहे? कमी आहे. मला ते तापाचे आठ दिवस हवे आहेत. ती गोधडीत कुडकुडत फोन कानाला धरून होती, मी तिला तू ठणठणीत आहेस म्हणून सांगत होते, आणि तिनं मला खोटी पडू दिलं नाही.